डिग्रीचा हिशेब मांडू या!

मे महिन्यातली दुपार होती. धानोऱ्यात ऊन नुसतं भाजून काढत होतं. तेंदूचा हंगाम चालू होता, त्यामुळे गावातल्या निम्म्या बाया पहाटेपासून जंगलात. अशा वेळी दारात एक माय-लेक येऊन उभ्या राहिल्या. माय ओळखीची, आमच्याच बचत गटातली. सकाळचे पुडे बांधून, फडीवर मोजून देऊन सरळ माझ्याकडे आली होती. बोटं तेंदूच्या पानांनी काळी झालेली. लेक नुकतीच बी. ए. झाली होती, इथल्याच कॉलेजातून.

पाणी पिऊन झाल्यावर माय म्हणाली, "मॅडम, पोरगी म्हणते एमएसडब्ल्यू करतो. तिचा बाप म्हणते नर्सिंग कर, नाही तर लग्न कर. तुम्ही समाजाचं काम करता, तुम्हीच सांगा. यानं पोट भरते का जी?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मला चटकन उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न कोणी विचारला की आम्ही समाजकार्यवाले इकडचं तिकडचं बोलतो. "सेवेचं समाधान मोठं असतं," "पैसा काय, येतो नि जातो," असलं काहीतरी. पण समोरच्या बाईच्या घरी दोन एकर धान, एक बैलजोडी आणि तीन पोरं. तिला समाधानावर वाण्याकडून तेल मिळणार नाही. तिचा प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळच द्यायला हवं होतं. ते त्या दिवशी जमलं नाही म्हणून आज इथे लिहिते आहे.

आधी माझीच गोष्ट सांगते. मी साधी बी. ए. लग्न होऊन धानोऱ्याला आले. घर, सासू-सासरे, मुलं सांभाळत बचत गटाच्या कामात पडले. वीस वर्षं होत आली. गट बांधले, बँकेत बायांसोबत तासन् तास बसले, रात्री-बेरात्री मारहाणीच्या तक्रारी घेऊन ठाण्यात गेले. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात तालुक्यासाठी जागा निघाली. काम तेच, जे मी फुकट करत होते. अर्ज नेला तर पहिलीच अट, एमएसडब्ल्यू पाहिजे. माझा अर्ज टेबलावरूनच परत आला. ती जागा चोवीस-पंचवीस वर्षांच्या एका मुलीला मिळाली. तिला कोणत्या गावात कोणाकडे बसायचं, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, हे सारं मीच सांगितलं. पगार मात्र तिचा!

राग आला. का नाही येणार? पण सहा महिने तिच्याबरोबर फिरले आणि एक गोष्ट कबूल करावी लागली. मी ठाण्यात जाऊन भांडायची, ती ठाण्यात जाऊन लिहायची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी कोण, अर्ज कुठे द्यायचा, पोच कशी मागायची, हे तिला पाठ होतं. मी एका बाईचं भांडण सोडवायची आणि घरी यायची. ती तशा दहा बायांच्या नोंदी एकत्र करून वरच्या साहेबापुढे ठेवायची आणि विचारायची की एकाच गावात हे वारंवार का होतं? यालाच त्यांच्या पुस्तकात लोकसंघटन आणि जनवकिली म्हणतात. म्हणजे डिग्री नुसता कागद नाही, हे मला पटलं. पण डिग्री म्हणजेच सारं, हेही खरं नाही. त्या मुलीला गावात पहिला चहा माझ्यामुळे मिळाला.

आपल्याकडे हे शिक्षण काही आजचं नाही. मुंबईला १९३६ साली टाटांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढे पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन अशी नावं झाली. नागपुरातही जुनी महाविद्यालयं आहेत. आता तर आपल्या दाराशीच सोय आहे. गडचिरोलीला फुले-आंबेडकर समाजकार्य महाविद्यालय आहे, चंद्रपूरजवळ पडोलीलाही आहे. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हापासून परीक्षेच्या लहानसहान कामासाठी नागपूरचे हेलपाटे वाचले. बारावीनंतर बीएसडब्ल्यू करता येतं, आणि कोणत्याही शाखेची पदवी असली की दोन वर्षांत एमएसडब्ल्यू. वर्गात जेवढं शिकायचं तेवढंच वस्तीत, दवाखान्यात, गावात जाऊन काम करायचं. म्हणून या शिक्षणात चप्पल लवकर झिजते!

आता हिशेब. मायने विचारलं तेव्हा आम्ही तिघी वही घेऊन बसलो. हे आकडे त्या वहीतले आहेत. तुमच्या घरी वेगळे निघतील, पण मांडायची रीत तीच.

कॉलेजची आणि परीक्षेची फी दोन वर्षांची मिळून ३०,००० धरली. नागपूरला खोली आणि डबा महिन्याला ५,००० धरले, वीस महिन्यांचे झाले एक लाख. क्षेत्रकार्याला जायचा-यायचा खर्च २०,०००. झाले दीड लाख. माय म्हणाली, "एवढंच ना?" मी म्हटलं, थांब. पोरगी आज घरी काय करते? रोवणी, कापणी, मोहफूल, तेंदू, मध्ये मध्ये दुकानात हिशेब लिहायला जाते. महिन्याला सरासरी ६,००० चं काम तर करत असेल? दोन वर्षं ती नसली तर १,४४,००० गेले. माय माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात लेकीच्या कामाची किंमत शून्य होती. आपल्या घराघरांत हीच तऱ्हा आहे. मुलगा दुकानात बसला तर तो कमावतो, मुलगी शेतात राबली तर ती मदत करते! तर असो. एकूण खर्च झाला २,९४,०००.

आता येणारी बाजू. डिग्री नसताना तिला ८,००० ची नोकरी मिळेल असं धरलं, आणि डिग्रीनंतर सुरुवातीला १५,००० ची. फरक सात हजारांचा. २,९४,००० ला ७,००० ने भागलं की ४२ महिने येतात. म्हणजे साडेतीन वर्षांत खर्च निघाला. ऐकायला बरं वाटतं. पण या क्षेत्रातली नोकरी बहुतेक कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग नवीन आदेशाची वाट. वर्षात नऊच महिने पगार हाती आला असं धरलं तर हाच खर्च निघायला साडेचार वर्षांच्या वर जातात. शिवाय पगार दोन-दोन, तीन-तीन महिने उशिरा येतो, तोवर घरभाडं आणि गाडीचं पेट्रोल पदरचंच.

मग त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर गडचिरोलीचा हिशेब मांडला. वसतिगृहात जागा मिळाली तर खोली-डब्याचा लाख रुपये वाचतो. खर्च उरतो १,९४,०००, आणि तो अठ्ठावीस महिन्यांत निघतो. डिग्री तीच, विद्याशाखा तीच, पण कुठे राहून केली यावर घराचा सारा खेळ ठरतो. आदिवासी मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून राहण्या-खाण्यासाठी रक्कम मिळते. २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. आपल्या अभ्यासक्रमाला, आपल्या कॉलेजला ती लागू होते का, हे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारून घ्यायचं. लाजायचं नाही. माफी असताना फी भरणं म्हणजे स्वतःच्या खिशाला भोक पाडणं आहे.

नोकऱ्या कुठे आहेत, हेही नीट बघू.  मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवावाच लागतो, आणि त्या जागेला समाजकार्याची डिग्री चालते. चंद्रपूरच्या बाजूला सिमेंट, कागद, कोळसा असल्याने हे लक्षात ठेवण्यासारखं. सरकारी दवाखान्यात समुपदेशक, मानसिक आरोग्याच्या कामात समाजसेवक, बालसंरक्षण कक्ष, माविम, उमेद, आणि ठाण्यांतले महिला विशेष कक्ष. हा कक्ष १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेने सुरू केला, आणि आज राज्यभर पसरला आहे. पोलीस ठाण्यात बाईचं ऐकून घ्यायला प्रशिक्षित बाई बसते ती त्यामुळे. नेट परीक्षा पास झाली तर कॉलेजात शिकवण्याचा रस्ताही आहे.

कंपन्यांकडेही जागा निघतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करणं बंधनकारक झालं, तेव्हापासून त्यांना गावात फिरणारी माणसं लागतात. पगार संस्थांपेक्षा बरा असतो. पण आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. इथे गावाच्या पोटाखाली खनिज आहे आणि डोक्यावर जंगल. उद्या त्याच कंपनीच्या खाणीबद्दल ग्रामसभा बसली, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने, २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क गावाने मागितला, तर तू कोणाच्या बाजूला बसशील? ज्याचं खावं मीठ त्याचं गावं गीत, असं म्हणतात. मीठ कोणाचं खायचं ते आधी ठरवावं. नोकरी वाईट असं मी म्हणत नाही, पण ही किंमत वहीत दिसत नाही म्हणून सांगितली.

आता कोणी म्हणेल, बाई, तुमच्या धानोऱ्यातच मेंढा-लेखा आहे, तिथे कोणी डिग्री घेतली होती? बरोबर आहे. गडचिरोलीच्या रस्त्यावरचं ते गाव आम्ही रोज बघतो. देवाजी तोफांनी आणि गावाने कोणत्या कॉलेजात लोकसंघटन शिकलं नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणत त्यांनी ग्रामसभा चालवली. निर्णय मतं मोजून नाही, सर्वांच्या सहमतीने. 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यासोबत अभ्यासगटात बसत राहिले, वर्षानुवर्षं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क लागला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं. जो बांबू तोडला म्हणून आधी वनखात्याची भीती वाटायची, तोच बांबू गाव स्वतः विकू लागलं.

आणि हे एकच उदाहरण नाही. याच तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केली. चार-पाच बुकं शिकलेल्या गावच्या बायांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या आरोग्यदूत बायांच्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आलं. पुढे देशाने आशांना तेच काम दिलं. जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली तीही लोकांनी, विशेषतः बायांनी, रेटा लावला म्हणून. त्या मोर्च्यांत चालणाऱ्या किती जणींकडे डिग्री होती?

मग डिग्री कशाला? तर ऐका. हक्क मिळाल्यानंतरचं काम वेगळं असतं. मेंढ्याच्या ग्रामसभेला पॅन कार्ड काढावं लागलं. बांबूची निविदा, ठेकेदाराचा करार, बँकेचं खातं, मजुरीचं मस्टर, हिशेब तपासनीस, सारं आलं. आता जिल्ह्यात हजाराच्या वर गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत आणि अनेक ग्रामसभा तेंदू-बांबू स्वतः विकतात. पैसा आला तसा कागद आला. करारात बारीक अक्षरात काय लिहिलं आहे, रॉयल्टी कधी देणार, नाही दिली तर काय, हे वाचणारी आपली पोरगी गावात नसेल तर ठेकेदार सांगेल तेच खरं.

समजा, एका गावाने हंगामात एक लाख पुडे बांधले. करार नीट वाचून, चार गावांना एकत्र करून भाव केला आणि १०० पुड्यांमागे ५० रुपये जास्त मिळाले. एका हंगामात ५०,००० रुपये गावात जास्त आले. असे चार-सहा हंगाम मोजा. त्या पोरीची डिग्री तिच्या घराला साडेतीन वर्षांत परवडेल, पण तेवढ्या हंगामांत गावालाही परवडते. म्हणूनच मला वाटतं की हा खर्च एकट्या मायने का सोसावा? ज्या ग्रामसभेकडे पैसा आहे तिने ठराव करून गावातली एक मुलगी शिकायला पाठवावी, आणि परत आल्यावर तिला मानधन नव्हे, पगार द्यावा. बाहेरून आलेला सल्लागार वर्षभराने निघून जातो. गावची लेक गोंडीत बोलते, मराठीत लिहिते आणि संध्याकाळी गावातच असते.

पगार म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. "समाजसेवा करता ना, मग पैसे कशाला?" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला कोणी असं विचारत नाही. तोही समाजासाठीच बांधतो ना? बाई गावाचं भांडण मिटवते, बाळंतिणीला दवाखान्यात नेते, रेशनचा अर्ज भरून देते, तेव्हा मात्र ते तिच्या स्वभावात आहे, माया आहे असं म्हणून मोकळे. मायेची किंमत करू नये हे खरं. पण श्रमाची करावी. आपणच आपलं काम फुकट वाटत राहिलो तर मागून येणाऱ्या शिकलेल्या पोरींचा भावही आपणच पाडतो, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा लेकीला या डिग्रीला पाठवायचं असेल तर चार गोष्टी सांगते. पहिली, यासाठी शेत गहाण टाकू नका आणि आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज तर मुळीच काढू नका. एवढ्या पगारात ते फिटत नाही. दुसरी, कॉलेजला विद्यापीठाची मान्यता आहे का ते स्वतः जाऊन बघा. "घरी बसून सहा महिन्यांत डिग्री" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटी लावा. घर सोडता येत नसेल तर इग्नूसारख्या खुल्या विद्यापीठातून रीतसर करता येते. तिसरी, डिग्रीबरोबर एक हात आणखी शिकवा. कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणं, दुचाकी चालवणं, अहवाल लिहिणं. आपल्या जंगलभागात ज्या मुलीला गाडी येत नाही तिला अर्धी नोकरी येत नाही. आणि चौथी, नोकरी घेताना विचारायला शिकवा. करार किती महिन्यांचा? प्रवास खर्च वेगळा की पगारातच? भविष्य निर्वाह निधी कापता का? हे विचारणारी मुलगी उद्धट नसते, ती उद्या दुसऱ्यांच्या हक्कासाठी बोलणार आहे. स्वतःच्या पगारासाठी जिला बोलता येत नाही ती दुसऱ्याच्या रेशनसाठी काय बोलणार?

आणि ज्या पोरीला माणसांत मिसळायचा कंटाळा आहे, जिला फक्त नावापुढे अक्षरं हवी आहेत, तिने हे करू नये. तेवढ्याच पैशात दुसरं काही शिकावं. नर्सिंगला लवकर नोकरी लागते हे त्या पोरीच्या बापाचं म्हणणं काही चूक नाही. पण पोरीला दुसऱ्याची सुई बघून घेरी येते, त्याला तो तरी काय करणार!

तर त्या माय-लेकीचं काय झालं? वही मिटल्यावर माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नागपूर नको. गडचिरोलीले जाऊ दे." पोरीचा चेहरा जरा उतरला, तिला शहर बघायचं होतं. पण दुसऱ्या पानावरचा आकडा तिनेही पाहिला होता. जाताना मायने वहीचं ते पान मागून घेतलं, नवऱ्याला दाखवायला. म्हणाली, "मी सांगितलं तर तो ऐकत नाही. लिहिलेलं ऐकते."

मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. बाईचं बोलणं ऐकायला घरातही कागद लागतो! पण कागद लागतोच तर तो आपणच लिहू या ना. मैत्रिणींनो, तुमच्या घरात मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की वही घ्या, तिला शेजारी बसवा आणि हिशेब मांडा. जाणारा पैसा लिहा, येणारा लिहा, आणि ती आज घरात जे राबते त्याचाही आकडा लिहा. तो रकाना तेवढा कोरा ठेवू नका.